रुळाला कान लावायचं पान

अनिता साऱ्या जगाला भ्यायची, एका रेल्वेगाडीला सोडून. पाल दिसली की खाटेवर चढायची, वीज चमकली की आईच्या पदराआड जायची, आणि साहेब तपासणीला आले की पोटात जो गोळा यायचा तो चाळिशी उलटली तरी गेलेला नाही. दौंडला लाईनीच्या कडेच्या ज्या वस्तीत ती वाढली, तिथे तिचं नावच ‘भागूबाई’ पडलं होतं. पण हीच भागूबाई, मालगाडी धडधडत गेली, मांडणीवरची भांडी नाचली, तरी हातातलं पुस्तक खाली ठेवायची नाही.

याला कारण तिचे वडील. चांगदेव रेल्वेत चावीवाला होते. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी पकडून ठेवलेले असतात त्या सैल झाल्यात का बघायचं, झाल्या असतील तर हातोड्याने ठोकायच्या, आणि ठरलेला पट्टा रोज पायी चालायचा, हे त्यांचं काम. चालता चालता मध्येच ते गुडघे टेकायचे, टोपी काढायचे आणि रुळाला कान लावायचे. नियमात काय लिहिलं होतं ते नियम जाणे, पण जुन्या माणसांची ही रीत होती. सुट्टीच्या दिवशी ते लेकीला यार्डाच्या टोकाला घेऊन जायचे आणि तिचं डोकं अलगद रुळावर टेकवून सांगायचे, “आधी गार लागंल. मग गुणगुण येईल. मग घरघर. घरघर आली की उठायचं आन् बाजूला व्हायचं.” बापाचा हात पाठीवर असल्यावर पोरीला कसली भीती? गाडी कुठे दिसत नसे आणि कानात मात्र ती येत असे. अनिताला लहानपणी लाभलेली सगळ्यात मोठी गंमत ही.

चांगदेवांच्या रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये खंडूमामा होते. पोरांना चिमटीत धरून उचलणारे, हसरे, अंगाने दांडगे. अनिता अकरा वर्षांची असताना ते गाडीखाली गेले. त्या संध्याकाळी चांगदेव जेवणाचे दोन डबे घेऊन घरी आले, एक आपला आणि एक खंडूचा. मोरीत बसून त्यांनी दोन्ही डबे बराच वेळ घासले. त्यानंतर त्या दिवसाबद्दल त्यांनी घरात अवाक्षर काढलं नाही आणि अनितानेही कधी विचारलं नाही. भित्र्या माणसाला एक कला फार चांगली साधते. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे तो बघतच नाही.

पुढे अनिता शिकली, डी.एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. नवरा नवनाथ रांजणगावला कंपनीत, म्हणून शिरूरला खोली केली. नऊ वर्षं ती निमोण्याच्या शाळेत होती. शिरूर तालुक्याला रूळ नाही. पाठ्यपुस्तकात आगगाडी आली की तिथली पोरं विचारायची, “मॅडम, गाडीला स्टेरिंग कुठं असतं?” एक जण तर म्हणाला, रेल्वे म्हणजे उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक जोडलेल्या. अनिताला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग दिवाळीच्या सुट्टीत तिने जाड कार्डशीट आणली, दाभणाने शिवली आणि चौदा पानांचं चित्रांचं पुस्तक केलं. नाव ठेवलं ‘धुराचं जनावर’.

गोष्ट साधी होती. फार वर्षांपूर्वी पहिलं वाफेचं इंजिन एका गावाजवळून जाणार असतं. उंच धुराडं, भलीमोठी चाकं, पोटात आग. लोक म्हणतात, जनावर येतंय. कुणी कडब्याची पेंढी घेऊन येतं, कुणी नारळ, कुणी दाराला कडी लावून बसतं. एकटी एक लहान मुलगी भीत नाही, कारण रुळावर काम करणारा एक मामा तिला सातव्या पानावर रुळाला कान लावायला शिकवतो. त्या मामाचा चेहरा अनिताने आपल्या वडिलांचा काढला होता. खाली वाक्यंही वडिलांचीच, थोडी लिहिण्यातली करून: ‘आधी गार लागेल. मग गुणगुण येईल. मग घरघर. घरघर आली की ऊठ आणि बाजूला हो.’

निमोण्यात त्या पुस्तकाने धमाल उडवली. शाळेच्या आवारातून विहिरीकडे जाणारा लोखंडी पाइप होता. एका टोकाला पोरं कान लावून ओणवी व्हायची, दुसऱ्या टोकाला एक जण दगडाने टकटक करायचा आणि गाडी यायची. तालुक्याच्या प्रदर्शनात पुस्तकाचं कौतुक झालं, साहेबांनी अनितासोबत फोटो काढला. तिने पुस्तक चांगदेवांना दाखवलं, तेव्हा ते सातव्या पानावर बराच वेळ थांबले. “माझं नाक एवढं मोठं हाय व्हय?” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. अनिताला वाटलं, आनंद झाला त्यांना.

मग बदली आली. पोर्टलवर नाव झळकलं, आणि अनिता दौंडजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत रुजू झाली. तिला बरंच वाटलं. आई गेल्यापासून चांगदेव एकटे होते. ती त्यांच्याजवळ राहू लागली, नवनाथ शनिवारी यायचा. सामानाच्या खोक्यात ‘धुराचं जनावर’ होतंच. नव्या वर्गातल्या वाचनकोपऱ्यात तिने ते दोरीला टांगलं, वाचून दाखवलं, पोरांनी ते डोक्यावर घेतलं.

या शाळेच्या मागे एक उसाचं रान होतं, त्यापलीकडे पाटाच्या पाण्याची चारी आणि चारीपलीकडे पुणे-सोलापूर लाईन. दोन्ही बाजूंनी दिवसरात्र गाड्या. अनिता लाईनीच्या कडेलाच वाढलेली, तिला तो आवाज ऐकूही यायचा नाही. निमोण्याचं पुस्तक इथे आणताना त्यात एक अक्षर बदलायला हवं, हे तिच्या मनात आलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. मधली सुट्टी संपली, पोरं खिचडीचे हात पुसत वर्गात आली. ईश्वरीची जागा रिकामी होती. ईश्वरी दुसरीतली, दोन वेण्या, लाल रिबिनी, प्रश्न विचारून जीव खाणारी. आईवडील कुरकुंभला कंपनीत, पोर आजीजवळ. अनिताने विचारलं, “ईश्वरी घरी गेली का?”

“न्हाई मॅडम,” पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली. “ती गाडी ऐकाया गेली. आज तिचा नंबर हाय.”

अनिताने वाचनकोपऱ्याकडे बघितलं. दोरी होती, पुस्तक नव्हतं.

आयुष्यभर ती ज्या-ज्या गोष्टींना भ्याली, त्या सगळ्या त्या क्षणी तिला फालतू वाटल्या. खरी भीती ही असते, हे तिला त्या दिवशी कळलं. ती धावत सुटली. उसाच्या पाल्याने हात कापले, चारीत एक चप्पल राहिली. मनात एकच चाललं होतं, गाडी नसू दे, आत्ता पाच मिनिटं गाडी नसू दे.

रान संपलं आणि तिला ईश्वरी दिसली. अलीकडच्या रुळाला कान लावून ओणवी झाली होती, अगदी चित्रातल्यासारखी. रिबिनी वाऱ्याने हलत होत्या. पुस्तक शेजारी, दोन लाईनींच्या मधल्या खडीवर, उघडं. आणि उजवीकडे, दौंडच्या बाजूला, इंजिनाचा दिवा.

अनिता ओरडणार होती. पण घाबरलेलं लेकरू कुठल्या बाजूला पळेल याचा भरवसा नाही, हे तिला कळत होतं, आणि वारा तिच्या तोंडावर होता, हाक उलटीच गेली असती. एवढ्यात ईश्वरी आपणहून उठली. घाई नाही, गोंधळ नाही. शिकवल्याप्रमाणे उठली, शिकवल्याप्रमाणे बाजूला झाली. मागे सरकत सरकत ती पलीकडच्या रुळांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या गाडीकडे कौतुकाने बघू लागली.

बाजूला हो, एवढंच पुस्तकात होतं. कुठल्या बाजूला, ते नव्हतं. पुस्तकातल्या गावाला एकच लाईन होती.

तेवढ्यात डावीकडून, पुण्याच्या बाजूने, भोंगा वाजला.

आता अनिता ओरडली, पण ते भोंग्यात बुडून गेलं. मालगाडी तिच्या आणि ईश्वरीच्या मध्ये शिरली. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा, काळे, बंद, संपता संपेनात. त्यांच्या पलीकडून दुसरी गाडी आली तेव्हा दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले, जमीन हादरू लागली. अनिता खडीवर गुडघे टेकून चाकांच्या फटीतून बघत होती. फटीत फक्त उजेड आणि चाकं, उजेड आणि चाकं. खंडूमामा असेच गेले होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण वस्तीत लहानपणी कानावर आलेल्या तुकड्यांतून ते कायम माहीत होतं. एका गाडीतून सुटायला माणूस दुसऱ्या रुळावर जातो आणि दुसरी गाडी त्याला ऐकूच येत नाही.

मालगाडी गेली. पलीकडची गाडीही गेली. रुळांवर काही नव्हतं. अनिताने आधी रुळांकडेच बघितलं, लाल काही दिसतंय का म्हणून. रिबिनीचा लाल की दुसरा, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

मग पलीकडच्या उतारावरून बाभळीच्या मागून दोन वेण्या वर आल्या. ईश्वरीच्या हातात पुस्तक होतं. मालगाडीच्या झोताने ते उडून पलीकडे उतारावर पडलं, आणि मॅडमचं पुस्तक हरवेल म्हणून ती त्याच्यामागे धावली. तेवढ्यासाठी ती रुळावरून हटली होती. शिकवणीने नाही, वाऱ्याने वाचली.

“मॅडम,” ती रूळ ओलांडत म्हणाली, “आज दोन आल्या एकदम.”

अनिताने तिला हाताला धरून चारीपर्यंत खेचत आणलं आणि एक थोबाडीत दिली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने पोरावर हात उचलला नव्हता. दुसऱ्या क्षणी तिला छातीशी धरून ती हुंदके देऊ लागली. ईश्वरी गालावर हात ठेवून नुसती बघत राहिली.

“पुस्तकात तुम्हीच लिवलंय,” ती म्हणाली.

“रोज येता इथं?”

“दिवाळीपास्नं. नंबर लावलेत आम्ही. सात जण हाय.”

आज एकदा नव्हे, दिवाळीपासून रोज. ती वर्गात बसून वह्या तपासत असताना.

मुख्याध्यापक मारुतराव सरांना तिने सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला आठ महिने राहिलेला होता. त्यांनी दार लोटून घेतलं. “मॅडम, पोरगी सुखरूप हाय ना? मग कुठं बोलू नका. पुस्तक तुमचं, हस्ताक्षर तुमचं. चौकशी लागली तर तुम्ही घरी, आन् तुमच्यामागं मी. ते पान काढून टाका, विषय संपला.” अनिता घाबरली. नोकरी हे तिच्या घरातल्या पहिल्या शिकलेल्या पिढीचं कमावणं होतं. ती गप्प बसली, आणि त्या दुपारी ईश्वरीच्या आजीच्या दारावरून मान खाली घालून गेली.

पान तिने ब्लेडने कापलं. दुसऱ्या दिवशी पोरांसमोर मुद्दाम ‘धुराचं जनावर’ उघडलं, सहाव्यावरून आठव्या पानावर गेली, आणि वर्ग एका सुरात म्हणाला, “आधी गार लागेल, मग गुणगुण येईल, मग घरघर.” हातवाऱ्यांसकट. कागद कापता येतो, पण त्या सतरा डोक्यांतून ते आता कशाने काढायचं? उद्या मोठ्या सुट्टीत ही पोरं कुठे असतील, उन्हाळ्यात कुठे असतील, ती त्यांच्यामागे किती धावणार? तिने पुस्तक मिटलं आणि पोरांना गणितं घातली.

संध्याकाळी तिने ते कापलेलं पान चांगदेवांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. ते आपल्याच चित्राकडे बघत राहिले.

“खंडूचं का न्हाई काढलं यात?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही कधी बोललाच नाही, आप्पा.”

“न्हाई बोललो.” पान पालथं घालत ते म्हणाले, “उद्या येतो तुझ्या शाळंत.”

चौऱ्याहत्तर वर्षांचे चांगदेव इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. त्यांनी अनिताकडून मैदान आखायची पांढरी फक्की मागून घेतली आणि आवारात चार रेघा ओढल्या. “ही एक लाईन, ही दुसरी. आन् हितं माझा दोस्त खंडू काम करत हुता.” पोरं गोल करून बसली. त्यांना वाटलं, खेळ आहे. चांगदेव स्वतः खंडू झाले. वाकले, चावी ठोकल्याचं केलं. “ह्या लाईनीवर गाडी आली. मी हितं, लांब उभा. मी हाक मारली, खंडू, बाजूला हो.” ते दोन पावलं मागे, दुसऱ्या रेघांच्या मध्ये गेले. “माझं ऐकून बाजूला झाला त्यो. माझ्याकडं बघून हसला. आन् ह्या बाजूनं दुसरी आली. तिचा आवाज त्याला आला न्हाई. मलाबी आला न्हाई, मग त्याला कसा येईल? कान काय करतो मग? काय करत न्हाई.”

अनिताने भिंतीला हात टेकला. बाजूला हो. तीस वर्षं वडिलांनी तोंडातून न काढलेले ते दोन शब्द तिने रंगीत पेनाने, वेलबुट्टी काढून, पोरांसाठी लिहिले होते. सातव्या पानावर ते इतका वेळ का थांबले होते, हे तिला आता कळलं.

एका पोराने विचारलं, “मग काय झालं?” चांगदेवांनी सांगितलं. वाढवून नाही, लपवूनही नाही. पोत्यात काय गोळा केलं तेही सांगितलं. अनिताला वाटलं, थांबवावं. तिने थांबवलं नाही. पोरांचे चेहरे तिच्या डोळ्यांसमोर बदलत गेले. ईश्वरी पुढेच बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले आणि ती सरकत सरकत फक्कीच्या रेघांपासून लांब गेली, पार भिंतीपर्यंत.

चौथ्या दिवशी ईश्वरीची आजी, सारजाबाई, पोरीला हाताला धरून शाळेत आली. पदर खोचलेला, आवाज चढलेला.

“मॅडम, काय सांगितलंत ह्या लेकराला? भोंगा वाजला की मोरीत जाऊन बसती. कान दाबून. जेवत न्हाई, एकटी झोपत न्हाई. असं भेदरवत्यात व्हय पोराला शाळंत?”

मारुतराव सर दारातून खुणा करत होते, गप्प बसा म्हणून. अनिताने त्यांच्याकडे बघितलं. नोकरी, चौकशी, लोक, सगळं तिला त्यांच्या हातवाऱ्यांत दिसलं.

“लाईनीकडं जाते का ती?” तिने विचारलं.

“नाव काढीत न्हाई. तिकडं तोंड करून बसत बी न्हाई.”

“मावशी, बसा,” अनिता म्हणाली. आणि पायरीवर सारजाबाईंच्या शेजारी बसून तिने सगळं सांगितलं. पुस्तक, सातवं पान, दिवाळीपासूनचे नंबर, त्या दिवशीच्या दोन गाड्या, थोबाडीत. चूक माझी, तुम्ही कुठंही तक्रार करा, मी नाही म्हणणार नाही, असंही सांगितलं. सगळं सांगून होईपर्यंत ती थांबली नाही.

सारजाबाईंनी नातीचा हात इतका घट्ट धरला की पोर कळवळली. मग पकड सैल करत त्या म्हणाल्या, “तिच्या आईला सांगू नका. ती काम सोडून येईल.” आणि नातीकडे बघत, “आन् हिला भ्या वाटतंय, ते वाटू द्या.”

अनिताला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. लहानपणी तिला ज्या एका गोष्टीची भीती नव्हती, ती गंमत पोरांना द्यावी म्हणून तिने पुस्तक केलं होतं. आता एका धीट पोरीला तिने आपल्याच हाताने भित्री करून टाकलं होतं.

लाईनीवर भोंगा वाजला. ईश्वरीने आजीचा हात सोडवला, दोन्ही हात कानांवर दाबले आणि अनिताच्या साडीत तोंड खुपसलं. अनिताने तिला जवळ घेतलं. गाडी पूर्ण जाईपर्यंत पोरीने कानांवर दाबलेले हात तिने सोडवले नाहीत.